हिरडा उकळताना फोलिनचा आकडा हलत नाही, पण एचपीएलसीचं चित्र पार बदलतं. कशावर विश्वास ठेवू?

डोंगरकपार

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय मी स्वतः मागून घेतला: हिरड्यातली द्रव्यं गरम पाण्याने काढायची आणि कोणती निघाली ते ओळखायचं. आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. उन्हाळ्यात घरोघरी अंगणात बाळहिरडा (कोवळं असतानाच काढलेलं हिरड्याचं फळ) वाळत पडलेला असतो. व्यापारी येतो, मूठभर माल हातात घेऊन बघतो, भाव सांगतो आणि पोती भरून नेतो. आपल्या मालात काय आहे हे गावातल्या बायांना कागदावर दाखवता आलं, तर भाव मागताना त्यांच्या बोलण्याला वजन येईल, असं मला फार वाटतं.

केलं ते असं. बाळहिरडा कुटून, दळून ४० नंबरच्या चाळणीतून काढला. ५ ग्रॅम पूड, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, काचेचा चंबू, वर कंडेन्सर, म्हणजे पाणी उडून जायचा प्रश्न नाही. १५, ३०, ६० आणि १२० मिनिटं अशा वेगवेगळ्या उकळ्या. मग फोलिन-सिओकाल्टो (एकूण फिनॉल मोजायची रंगाची चाचणी), ७६५ नॅनोमीटरवर, गॅलिक आम्लाच्या प्रमाणरेषेने. डीपीपीएचही (ऑक्सिडीकरण रोखायची ताकद मोजणारी चाचणी) केलं, ५१७ वर. १५ ते ३० मिनिटांत आकडा थोडा चढला, त्यानंतर १२० पर्यंत जवळजवळ सपाट. म्हणजे अर्ध्या तासानंतर उकळण्यात अर्थ नाही, असं मी वहीत लिहिलं.

मग तेच नमुने दुसऱ्या एका संस्थेत एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून प्रत्येकाचं शिखर दाखवणाऱ्या यंत्राला, दिले (सी-१८ स्तंभ, आम्लयुक्त पाणी आणि ॲसिटोनायट्राइल, २७० नॅनोमीटर). तिथे चित्र वेगळंच. सुरुवातीला येणारं गॅलिक आम्लाचं शिखर दर टप्प्याला उंच होत गेलंय आणि उशिरा येणारी मोठी शिखरं बसत गेलीत. शिवाय बाटल्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या की तळाला फिकट पिवळसर राखाडी गाळ बसतो, १२० मिनिटांच्या बाटलीत सगळ्यात जास्त.

सर म्हणाले, दोन्ही निकाल दे, पण का ते तू शोध. कुणी वाट दाखवेल का?

निवृत्त_विश्लेषक

दोन्ही निकाल बरोबर आहेत. तुमच्या प्रकल्पाचं खरं उत्तर या दोन निकालांमधल्या फरकातच आहे, त्यामुळे त्यातला एकही टाकू नका. मी आयुष्यभर औषधी वनस्पतींच्या अर्कांची तपासणी केली आहे आणि या एका गोष्टीवर अहवाल घसरताना पुष्कळ पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोलिनचा द्रव रेणू ओळखत नाही. समोरचं द्रव्य इलेक्ट्रॉन देऊन त्याचं किती क्षपण करू शकतं एवढंच तो निळ्या रंगात दाखवतो. फिनॉलचे हायड्रॉक्सिल असले की तो निळा होणार, ते कुठल्या रेणूवर बसलेत याच्याशी त्याला कर्तव्य नाही. क्षपणकारी शर्करा आणि क जीवनसत्त्वसुद्धा त्यात भर घालतात. आता हिरड्यातलं चेब्युलिनिक आम्ल हे टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) घ्या. मध्ये ग्लुकोज, त्याला एस्टर बंधाने जोडलेले तीन गॅलिक गट आणि एक चेब्युलिक गट. उकळत्या पाण्यात तो एस्टर बंध तुटला तर गॅलिक आम्ल सुटं होतं, पण त्याचे तिन्ही फिनॉलिक हायड्रॉक्सिल होते तिथेच राहतात. फोलिनच्या लेखी काहीच घडलं नाही. डीपीपीएचचंही बहुतांशी तेच. एचपीएलसी मात्र रेणू वेगळे करून दाखवतं, म्हणून तिथे मोठी शिखरं खचताना आणि गॅलिक वाढताना दिसलं.

उकळतं पाणी तुमच्या चंबूत दोन कामं एकदम करतं. पहिलं, द्रव्य बाहेर काढणं. २५ अंशांच्या तुलनेत १०० अंशांना पाण्याची चिकटाई तिसऱ्या हिश्शावर येते आणि त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (ध्रुवीयतेचं माप) ७८ वरून ५५-५६ पर्यंत उतरतो. म्हणजे पाणी पेशींत लवकर शिरतं आणि थंड पाण्याला दाद न देणारी द्रव्यंही काही प्रमाणात विरघळवतं. बारीक पुडीत हे काम लवकर उरकतं. दुसरं काम म्हणजे जे बाहेर आलं ते मोडणं, आणि ते विस्तव चालू असेपर्यंत चालूच राहतं. तुमच्या सपाट रेषेखाली ही दोन्ही कामं लपली आहेत.

ती वेगळी करायला महागडं यंत्र लागत नाही. १५ मिनिटं उकळा, गरम असतानाच गाळा, चोथा काढून टाका. आता नुसता गाळलेला काढा पुन्हा कंडेन्सर लावून उकळत ठेवा आणि ठरावीक वेळाने थोडा थोडा काढून लगेच बर्फात घाला. चोथाच नाही म्हटल्यावर नवं काही निघणार नाही. यापुढे जे बदलेल ते मोडण्यामुळेच. एवढा एक प्रयोग तुमच्या प्रबंधात असलाच पाहिजे, बाकी काही कमी पडलं तरी चालेल.

त्याच्या जोडीला शून्य मिनिटाचा नमुना हवा. पुडीत मुळात काय होतं हे ठाऊक नसेल तर गॅलिक आम्ल ‘निघालं’ की ‘तयार झालं’ हे सांगता येत नाही. ७० टक्के ॲसिटोनमध्ये थंडच, थोडा वेळ हलवून काढा. मिथेनॉल वापरलंत तर ते ताटकळत ठेवू नका. मिथेनॉल स्वतः गॅलेट बंध तोडून मिथाइल गॅलेट बनवू शकतं आणि मग ते हिरड्यातलंच म्हणून यादीत जातं.

गाळाबद्दल. माझा पहिला अंदाज एलॅजिक आम्ल. चेब्युलॅजिक आम्ल आणि कोरिलॅजिन या हिरड्यातल्याच आणखी दोन टॅनिनांत जोडगॅलिक म्हणता येईल असा एक गट असतो. तो ग्लुकोजपासून सुटला की आपल्याआपण वळून एलॅजिक आम्ल होतो. एलॅजिक आम्ल थंड पाण्यात लिटरला साधारण १० मिलिग्रॅमच विरघळतं, मग थंड झाल्यावर ते तळाला बसणारच. थोडा टॅनिन-प्रथिनांचा साकाही त्यात असेल. गाळ सेंट्रिफ्यूज करा, थंड पाण्याने धुवा, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून एचपीएलसीला द्या. २५३ आणि ३६७ नॅनोमीटरच्या आसपास शोषण दिसलं आणि शुद्ध एलॅजिकच्याच वेळेला शिखर आलं तर खात्री झाली.

इथेच एक प्रश्न विचारते. एचपीएलसीला देण्याआधी काढा थंड करून ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलात ना? सगळे तसंच करतात, पण मग एलॅजिकचा मोठा वाटा गाळणीतच राहतो आणि अहवालात ते ‘अल्प’ म्हणून येतं. गाळासकट काढा मोजून त्यात मिथेनॉल किंवा डीएमएसओ घालून सगळं विरघळवा, मग गाळा.

प्रश्नचिन्ह

चांगला धागा. एक भाबडा प्रश्न: कुकरमध्ये उकळलं तर जास्त निघेल का?

निवृत्त_विश्लेषक

घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या दाबाला तापमान १२० अंशांच्या जवळ जातं. द्रव्य लवकर निघेल, पण एस्टर तुटण्याचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट धरतात, म्हणजे मोडतोडही चौपट. शिवाय शिट्टीवाटे वाफ जाते, तिचा हिशोब लागत नाही.

दाबाखालचं गरम पाणी ही पद्धत म्हणून मोठीच आहे. १०० ते ३७४ अंशांच्या मधे, पाणी द्रवच राहील इतका दाब देऊन काढतात. २५० अंशांना पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २७ च्या आसपास येतो, म्हणजे ते जवळजवळ अल्कोहोलासारखं वागतं. उष्णता सोसणाऱ्या द्रव्यांना ते छान आहे. हिरड्याच्या टॅनिनला मी तिथे नेणार नाही.

वैद्य_कऱ्हाड

डोंगरकपार, काम मनापासून चाललंय हे वाचूनच कळतं. मी आयुर्वेदाच्या अंगाने दोन गोष्टी जोडतो.

तुमचा चंबू आणि आमचा क्वाथ (काढा) यांत फरक आहे. शार्ङ्गधरांनी (मध्ययुगीन आयुर्वेद ग्रंथकार) क्वाथाला द्रव्याच्या १६ पट पाणी सांगितलंय आणि ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे ५० ग्रॅम हिरड्याला ८०० मिली पाणी आणि शेवटी १०० मिली. दुसऱ्या परंपरेत मृदू द्रव्याला ४ पट, मध्यमाला ८ पट, कठीण द्रव्याला १६ पट आणि चौथा हिस्सा उरवायचा. दोन्हीकडे भांडं उघडं आणि आच मंद. तुम्ही कंडेन्सर लावता तेव्हा पाणी तेवढंच राहतं, आमच्याकडे काढा दर मिनिटाला घट्ट होत जातो. लोक घेतात तो काढा अभ्यासायचा असेल तर एक फेरी उघड्या भांड्यात करा. फक्त आकडा मिलिलिटरवर देऊ नका, कोरड्या पुडीच्या ग्रॅमवर द्या. नाहीतर पाणी आटल्यामुळे वाढलेली तीव्रता जास्त निघाल्यासारखी दिसेल.

पूडही भरडच घ्या, यवकूट. ४० नंबरच्या पुडीचा काढा नीट गाळला जात नाही आणि कुणी घरी तसा करतही नाही. फांट म्हणजे चौपट गरम पाण्यात नुसतं भिजवणं, हिम म्हणजे सहा पट थंड पाण्यात रात्रभर ठेवणं. या दोन्हींचे नमुने क्वाथाशेजारी ठेवून पाहा. एकाच द्रव्यासाठी वेगवेगळ्या कृती का सांगितल्यात हे तुमच्या एचपीएलसीत कदाचित आमच्या चर्चेपेक्षा स्पष्ट दिसेल.

भांडं मात्र लोखंडाचं नको. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) यांची शाई करायचे हे माहीत असेलच. लोखंडी कढईत काढा काळाकुट्ट होतो आणि टॅनिन लोहाला धरून बसतं. ग्रंथात मातीचं भांडं सांगितलंय, तुम्हाला काच उत्तम.

आणि एक विनंती. मोठा रेणू मोडला म्हणजे औषध वाया गेलं, असं लिहू नका. गॅलिक, एलॅजिक, चेब्युलिक आम्लांना त्यांचे त्यांचे गुण आहेत. काय बदललं ते सांगा. चांगलं की वाईट हे या प्रयोगातून ठरत नाही.

निवृत्त_विश्लेषक

वैद्यबुवांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पोटात गेल्यावरही मोठे एलॅजिटॅनिन (एलॅजिक आम्ल देणारे टॅनिन) तसेच शोषले जात नाहीत. त्यांतून एलॅजिक आम्ल सुटतं आणि आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची छोटी द्रव्यं बनवतात. तेव्हा ‘विघटन’ शब्द वापरा, ‘नाश’ नको.

आहुपे_खोरं

मी शिकलेला नाही रसायन, पण हिरडा लहानपणापासून गोळा करतोय म्हणून लिहितो. ताई, तुम्ही पूड कुठल्या हिरड्याची केली ते महत्त्वाचं. झाडावरून काढून कडक उन्हात ताडपत्रीवर वाळवलेला, आणि जमिनीवर पडून राहिलेला, वळवाच्या पावसात भिजलेला, हे दोन एकाच पोत्यात असतात. भिजलेल्याला आतून बुरशी धरते, वरून कळत नाही, फोडला की वास येतो. व्यापारी सगळ्याला पडका भाव लावतो. चांगला वाळवणाऱ्याची मेहनत त्यात बुडते.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडची जुनी झाडं मुळासकट गेली. हिरड्याचं झाड पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात. जे उरलंय त्याला तरी नीट मोल मिळावं. चांगला माल आणि भिजका माल तुमच्या मशीनवर ओळखू येतो का, एवढं सांगा. बाकी काढ्याचं राहू द्या.

डोंगरकपार

दादा, हाच प्रश्न मला घरीही विचारला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडम, याला काही करता येईल का?

माझी पूड बाजारातल्या पोत्यातली नव्हती, घरच्या ताडपत्रीवरची होती. पण वाळवताना मधे एक सर आली होती हे आई म्हणाली.

निवृत्त_विश्लेषक

करता येईल, आणि हा प्रश्न मी प्रबंधाच्या मध्यभागी ठेवेन.

टॅनिनवर वाढू शकणाऱ्या बुरशा असतात. ॲस्परजिलसच्या काही जाती टॅनेज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात आणि ते नेमका गॅलिक गटाचा एस्टर बंध तोडतं. कारखान्यात गॅलिक आम्ल बनवायलाही त्याचाच उपयोग करतात. म्हणजे उकळीने जे तासाभरात होतं, तेच ओल्या पोत्यात बुरशी हळूहळू करते. असं असेल तर भिजक्या हिरड्याच्या शून्य मिनिटाच्या नमुन्यातच सुटं गॅलिक जास्त आणि चेब्युलिनिक कमी दिसायला हवं. आकड्यापेक्षा त्यांचं गुणोत्तर पाहा. ते पुडीच्या वजनाच्या किंवा ओलाव्याच्या चुकीने फारसं हलत नाही.

पण निष्कर्ष आधी ठरवू नका. फळ जसं जून होतं तसं टॅनिनचं प्रमाणही बदलतं, म्हणून बाळहिरड्याची तुलना बाळहिरड्याशीच, चांभारीची चांभारीशी, सुरवारीची सुरवारीशी (ही त्याहून जून फळं). त्यातही एकाच झाडाचा, एकाच दिवशी काढलेला माल घ्या आणि त्याचे दोन वाटे करा. एक ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवा, दुसरा मुद्दाम ओला करून झाकून ठेवा. असे निदान पाच-सहा झाडांचे वाटे असू द्या. एका झाडावरून काढलेला नियम व्यापाऱ्यापुढे टिकणार नाही, परीक्षकापुढेही नाही. बुरशीचा माल हाताळताना तोंडाला मास्क लावा, आणि तो चाखून पाहू नका.

प्रत्येक वाट्याचा ओलावा आधी काढा: मोजलेली पूड १०५ अंशांच्या भट्टीत, वजन स्थिर होईपर्यंत. सगळे आकडे कोरड्या वजनावर द्या.

हिशोब मोलमध्ये करा म्हणजे घोटाळा होत नाही. चेब्युलिनिक आम्लाचा रेणूभार ९५६.७, गॅलिकचा १७०.१. एक ग्रॅम चेब्युलिनिक पूर्ण मोडलं तर त्यातून फार तर ०.५३ ग्रॅम गॅलिक मिळेल. एक ग्रॅम चेब्युलॅजिकमधून (९५४.७) गॅलिक ०.१८ ग्रॅम आणि एलॅजिक (३०२.२) ०.३२ ग्रॅमच्या आसपास. गाळलेला काढा उकळण्याच्या त्या प्रयोगात जेवढं चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक कमी झालं, त्याच्या मानाने गॅलिक जास्त आलं, तर इतर गॅलोटॅनिनही (गॅलिक गटांचे टॅनिन) मोडताहेत. हिरड्यात ग्लुकोजला पाच गॅलिक गट लागलेला रेणूही असतो, तो तपासा. कमी आलं तर काहीतरी गाळात किंवा गाळणीत अडकलंय.

ओळख पटवायला वस्तुमान-वर्णपट (रेणूचा भार दाखवणारा) मिळाला तर ऋण पद्धतीत, म्हणजे ऋण प्रभाराच्या आयनांवर, घ्या. ९५५ चेब्युलिनिक, ९५३ चेब्युलॅजिक, ६३३ कोरिलॅजिन, १६९ गॅलिक, ३०१ एलॅजिक. या शेवटच्या आकड्यापाशी थांबा. क्वेर्सेटिन हे वनस्पतींतलं पिवळं द्रव्यही ३०१ लाच येतं आणि त्याचं अतिनील शोषणही एलॅजिकला फार जवळचं आहे. साध्या यंत्रावर दोघांत भेद होत नाही, त्यामुळे हिरड्यात भरपूर क्वेर्सेटिन सापडल्याचं सहज लिहिलं जातं. तुकडे पाहा: १७९ आणि १५१ आले तर क्वेर्सेटिन, २५७ आणि २२९ आले तर एलॅजिक. शुद्ध प्रमाणद्रव्य शेजारी चालवलंत तर वादच नाही. गॅलिक आणि एलॅजिकचं प्रमाणद्रव्य परवडतं. चेब्युलिनिकचं महाग असतं, ते विभागाकडून थोडंसंच मागवा आणि शीतपेटीत ठेवा.

पाण्याचंही एक बघा. काढा स्वतः आम्लधर्मी असतो आणि आम्लात हे टॅनिन तुलनेने टिकतात. उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात फार भराभर मोडतात. गावातलं बोअरचं जड पाणी उकळलं की त्याचा पीएच वर जातो. हिरडा भरपूर असेल तर तो त्याला खाली ओढेल, पातळ काढ्यात कदाचित नाही. दर नमुन्याचा पीएच लिहून ठेवा, आणि एक फेरी गावच्या पाण्यात करा. तापमानही लिहा. हजार मीटर उंचीवर पाणी साधारण ९७ अंशांनाच उकळतं, प्रयोगशाळेतला तास आणि घरचा तास एकसारखे नसतात.

आहुपे_खोरं

मॅडम, गावात मशीन कुठून आणायची? हातानं कळेल असं काही?

निवृत्त_विश्लेषक

दादा, सिलिका लावलेल्या पट्टीवर करून बघता येईल. टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, फॉर्मिक आम्ल आणि थोडं मिथेनॉल यांच्या मिश्रणात पट्टी चढवायची, वाळवायची आणि फेरिक क्लोराइड फवारायचं. सुटं गॅलिक वर चढून निळंकाळं दिसतं, मोठे टॅनिन खालीच राहतात. चांगल्या मालाचा ठिपका आणि भिजक्या मालाचा ठिपका शेजारी टाकला तर वरच्या डागाचा फरक नजरेला कळायला हवा. हे विषारी द्रव घरात वापरायचे नाहीत, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका दुपारी पुष्कळ नमुने होतात.

डोंगरकपार, आधी एचपीएलसीवर फरक खरा आहे हे सिद्ध करा, मग त्याच नमुन्यांवर ही पट्टी लावा. दोन्ही जुळले तर दरवर्षी खरेदी सुरू व्हायच्या आधी तुमच्या कॉलेजात गावचे नमुने तपासता येतील. विभागप्रमुखांशी आत्ताच बोलून ठेवा. पट्ट्या आणि द्रावकं मागवायला वेळ लागतो.

डोंगरकपार

बोलते उद्याच. झाडं निवडायला या रविवारी गावी जातेय. दादा, तुमच्या खोऱ्यातल्या दोन झाडांचा बाळहिरडा मिळाला तर फार बरं होईल, तुमच्यासमोरच वाटे करू. निरोप खासगीत पाठवते.

आहुपे_खोरं

या. झाडं दाखवतो. मोठी पिशवी आणा, आणि वाटा कुठला ते लिहायला पक्क्या शाईचं पेन.